बाहीबाहेरचे कोपरकर

कोपरकर कोट घालत नाहीत. कोपरकर कोट पांघरतात.

म्हणजे कोट आहे. चांगला गडद निळा, मापाने शिवून घेतलेला, आतून अस्तर लावलेला, सोनेरी बटणांचा. तो रोज सकाळी त्यांच्या खांद्यांवर असतो. पण बाह्या रिकाम्या. त्या दोन्ही बाजूंना लोंबकळत असतात, वाऱ्याने हलत असतात, आणि मधोमध विद्याधर कोपरकर, वय बावन्न, सिंगापुरात जुरोंग ईस्टच्या एमआरटी, म्हणजे मेट्रोच्या, स्टेशनात सरकत्या जिन्यावर ताठ मानेने उभे असतात. आडनाव कोपरकर, पण कोटाच्या बाहीत कोपर म्हणून कधी गेलं असेल तर शपथ.

ज्या गावात बारा महिने अंगाला घामाच्या धारा लागलेल्या असतात, तिथे कोट बाळगणं हाच मुळात पराक्रम. तो असा खांद्यावर तोलून गर्दीच्या गाडीत शिरणं म्हणजे तर कसरतच. कोपरकर आमच्याच मजल्यावर राहतात, दोन दारं सोडून. ऑफिसही एकच, पाया लेबारला. त्यामुळे ही कसरत मला रोज जवळून बघायला मिळते.

एकदा त्यांची डावी बाही एका चिनी आजीबाईंच्या भाजीच्या ट्रॉलीत अडकली. क्लेमेंटी स्टेशनला आजी उतरल्या. ट्रॉली उतरली, ट्रॉलीबरोबर बाही उतरली आणि बाहीपाठोपाठ कोपरकर उतरले. दारं बंद झाली. मी ऑफिसात पोचले, चहा झाला, पहिली मीटिंग झाली, तरी यांचा पत्ता नाही. आले तेव्हा हातात हिरव्या भाजीची एक जुडी.

"आजींनी दिली," म्हणाले. "ट्रॉली घरापर्यंत पोचवून आलो."

"पण का?"

"त्यांना वाटलं मी मदत करायला उतरलोय. आता नाही कसं म्हणायचं?"

हे वाक्य कोपरकरांचं. 'नाही कसं म्हणायचं?' त्यांच्या थडग्यावर कोरावं असं वाक्य, पण हिंदू असल्यामुळे तीही सोय नाही. आमच्या कंपनीत ते डिलिव्हरी मॅनेजर आहेत. क्लायंटने महिन्याचं काम आठवड्यात मागितलं की सगळ्या टीमचे डोळे कोपरकरांकडे लागतात, आणि कोपरकर फोनमध्ये म्हणतात, "कॅन, कॅन." मग फोन ठेवून आमच्याकडे वळतात आणि इतक्या अपराधी चेहऱ्याने बघतात की आम्हीच त्यांची समजूत काढतो. एवढा गरीब माणूस, आणि चाल बघाल तर आत्ता कुठला तरी किल्ला घेऊन आल्यासारखी.

कोट पांघरून ते पहिल्यांदा ऑफिसात आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी एचआरच्या मे लिनने त्यांना बोलावून घेतलं. मे लिन सज्जन बाई आहे. तिने दार लावलं आणि हळू आवाजात विचारलं, "मिस्टर कॉपर, इज इट मेडिकल?"

म्हणजे खांदा वगैरे दुखतो का? बाहीत हात जात नाही का? आता समोरची बाई इतक्या काळजीने विचारते आहे, तिला नाही कसं म्हणायचं? कोपरकर म्हणाले, "लिटल बिट."

झालं. दुपारपर्यंत सबंध मजल्यावर बातमी पसरली, की कोपरकरांचे दोन्ही खांदे आखडलेत. कोणी त्यांचा लॅपटॉप उचलू लागलं, कोणी त्यांच्यासाठी लिफ्ट धरून ठेवू लागलं. आणि जो तो आपापल्या आजीचा खात्रीचा इलाज म्हणून तेलाची एक बाटली त्यांच्या टेबलावर ठेवून जाऊ लागला. हिरवं तेल, पिवळं तेल, वाघाचं चित्र असलेलं मलम. कोपरकर सगळ्यांसमोर थोडं थोडं लावत. पंधरा दिवस आमच्या मीटिंग रूमला प्रसूतिगृहासारखा वास येत होता.

"अहो, खरं सांगून टाका ना," मी म्हटलं.

"सांगणार होतो," ते म्हणाले. "पण पिवळं तेल खरंच चांगलं आहे हो. मान मोकळी झाली."

मग खरं काय होतं? ते मला एका शनिवारी घराखालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, कळलं. माझा नवरा निखिल मरीन इंजिनिअर. वर्षातले निम्मे महिने बोटीवर. त्यामुळे शनिवारचं दुपारचं जेवण मी आणि माझी नऊ वर्षांची साची बहुतेक खालीच उरकतो. त्या दिवशी कोपरकर आमच्या टेबलाशी आले. कॉफीवाल्या अंकलने लांबूनच त्यांना "बॉस!" अशी हाक मारली. कोटामुळे तो त्यांना कुठल्याशा कंपनीचा मालक समजतो. कोपरकरांनी ती हाक, न मागता मिळालेल्या पदवीसारखी, किंचित मान झुकवून स्वीकारली.

साचीने मुळावरच घाव घातला. तिचं मराठी समजण्यापुरतं. बोलणं सगळं शाळेतलं, सिंगापुरी. "अंकल, व्हाय युवर कोट लाइक दॅट वन?"

कोपरकरांनी चमचा खाली ठेवला. माझ्याकडे वळले. "मॅडम, यात विचार आहे."

जपानी कार्टून, ज्याला मुलं ॲनिमे म्हणतात, त्यातली ही पद्धत. कोपरकर सांगू लागले, तसा त्यांचा आवाजच बदलला. "त्यात माणूस ओळखायचा तर कोट बघायचा. बाहीत हात घातलेला असला की समजायचं, हा शिपाई. याला कोणीतरी हुकूम दिलाय आणि हा कामाला निघालाय. पण ज्याचा कोट नुसता खांद्यावर आहे ना, तो सरदार! मग तो जहाजाचा कप्तान असेल, फौजेचा सेनापती असेल, नाहीतर शाळेतल्या टोळीचा दादा असेल. त्याला घाई नाही. त्याला थंडी वाजत नाही. त्याला कोणाला काही दाखवून द्यायचं नाही."

"थंडी वाजत नाही तर कोट घ्यायचा कशाला?"

"खांद्यावर काहीतरी आहे हे दिसायला नको? मागच्या पोरांना धीर येतो. ते पुढे बघतच नाहीत मॅडम, ते या पाठीकडे बघतात. पाठीवर कोट हलतोय ना, मग सगळं ठीक आहे." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "आणि आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? सत्काराची शाल कोणी बाह्या शिवून अंगात घालतं का? खांद्यावरच घालतात. मान हा खांद्यावरच राहतो. बाहीत गेला की त्याचा गणवेश होतो."

हे मात्र मला पटलं. शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही पटलं असतं, पण त्याच्या नूडल्समध्ये कोपरकरांची उजवी बाही बुडाली होती आणि तो ती टिश्यूने पुसण्यात गुंतला होता.

"बट व्हाय नेव्हर फॉल?" साचीने विचारलं.

कोपरकरांनी इकडेतिकडे पाहिलं, वाकले आणि कोटाची कड जराशी उचलून तिला आतली बाजू दाखवली. दोन्ही खांद्यांना, बाळाच्या लंगोटाला लावतात तशा दणकट पिना.

"सेनापतींना लागत नाहीत," ते म्हणाले. "मला लागतात."

त्या वर्षीच्या मोठ्या ॲनिमे मेळाव्याची तिकिटं त्यांनीच काढली आणि साचीला न्यायचं कबूल केलं. साचीबरोबर मीही गेले. एक अवाढव्य हॉल, आणि त्यात हजारो पोरं. कोणी निळ्या केसांचा टोप घातलेला, कोणाच्या पाठीला पुठ्ठ्याची तलवार, मुली खलाशी कॉलरच्या शाळकरी गणवेशात, आणि खांद्यावर कोट टाकलेले सेनापती तर पैशाला पासरी. पण त्यांचे कोट सारखे घसरत होते. दर दोन पावलांनी एक सेनापती थांबून कोट सावरत होता.

आणि त्या गर्दीतून कोपरकर चालत गेले. कोट ढळेना. पोरं थांबून बघायला लागली. "अंकल, युवर ड्रेप डॅम स्टेडी लाह! हाऊ यू डू?" कोपरकरांनी खिशातून पिनांची डबी काढली. त्यानंतरचा तासभर हा माणूस एका खांबाशी उभा राहून सेनापतींना पिना लावून देत होता. सूचना चक्क मराठीत: "इकडे शिवणीत टोचायची. कापडात नाही, शिवणीत. हां. आता हल." त्या पोरांनी त्यांच्याबरोबर फोटो काढले. त्यांना मी इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

परत निघताना ते एका दुकानापाशी अडखळले. तिथे मुलींच्या मापाचा एक कोट टांगलेला होता. पांढरा, लांब, निळ्या काठाचा. कोपरकरांनी तो हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला. मग मला बाजूला बोलावून विचारलं, "मॅडम, पंधरा वर्षांची मुलगी साधारण केवढी असते?"

मी बघत राहिले. त्यांनी एक हात हवेत धरला होता, आडवा, छातीच्या जरा खाली. मग तो थोडा वर नेला. मग अजून थोडा. "कॅमेऱ्यात खांद्यापर्यंतच दिसते हो," ते म्हणाले. "उंचीचा अंदाज येत नाही."

अशी मला मुक्ता कळली. इतकी वर्षं शेजारी राहून मी या गृहस्थांना सडेफटिंग समजत होते. मुक्ता त्यांची मुलगी. पुण्याला आईजवळ असते. नवराबायको वेगळे झाले तेव्हा ती लहान होती. भांडण वगैरे काही नाही, कोपरकरांशी भांडायचं तरी कोणी आणि कसं? अधूनमधून ते पुण्याला जात, पण मग मोठी साथ आली, प्रवास बंद झाले. पुढे त्यांच्या स्वतःच्या आईच्या आजारपणात सगळी रजा नागपूरला गेली, आणि मग मुक्ताची दहावी. दर शनिवारी संध्याकाळी फोन, एवढंच काय ते उरलं होतं.

"फोनवर बोलायचं काय?" त्यांनी परतीच्या गाडीत मला विचारलं. साची माझ्या मांडीवर झोपली होती. "जेवलीस का? हो. शाळा कशी आहे? बरी. झालं, संपलं. दात घासायलाही याहून जास्त वेळ लागतो. मग एकदा तिच्या मागे भिंतीवर एक चित्र दिसलं. मी सहज विचारलं, हा कोण गं? तर मॅडम, ती अर्धा तास बोलली! अर्धा तास! मी कागद घेऊन नावं लिहून घेतली आणि त्या रात्रीपासून सगळं बघायला लागलो."

आणि आता ती येणार होती. मेच्या सुट्टीत, दहा दिवस, एकटी. आईने हो म्हटलं होतं.

एप्रिलभर कोपरकरांच्या घरात बांधकाम चालल्यासारखे आवाज येत होते. दुसरी खोली रंगवली. पडद्यांवर जपानी चित्रं, उशीवर जपानी चित्रं. दहा दिवसांत काय काय बघायचं, कुठल्या कार्टूनचे किती भाग, सगळं ठरलेलं. आणि जसजसा दिवस जवळ आला तसतसा माणूस सुकत चालला. आदल्या दिवशी दारात येऊन उभे राहिले. "मॅडम, एअरपोर्टला याल का? बाईमाणूस असलेलं बरं. तिला अवघडल्यासारखं नको व्हायला."

अवघडले होते ते स्वतः. पण आता मीही नाही कसं म्हणायचं?

चांगी विमानतळाच्या दरवाजाशी आम्ही कठड्याला धरून उभे. कोपरकरांनी कोटाला इस्त्री केली होती. पिना नव्या होत्या. दार उघडलं की ते टाचा उंचावत, आणि दुसरंच कोणी आलं की टाचा खाली. मग एक मुलगी बाहेर आली. उंच, जवळजवळ त्यांच्याएवढी. साधा टी-शर्ट, केस कापलेले, पाठीवर सॅक. कोपरकर तिच्या मागे बघत होते, कोणीतरी बुटकं येईल म्हणून.

"बाबा," ती म्हणाली.

त्यांनी पाहिलं. आणि मुक्ताने त्यांच्याकडे पाहिलं; आधी चेहऱ्याकडे, मग खांद्यांकडे, मग लोंबणाऱ्या बाह्यांकडे. शेजारी एक कुटुंब फोनवर त्यांचा फोटो काढत होतं. तिचा चेहरा लाल झाला.

"बाबा, कोट... इथेपण?" ती अगदी हळू बोलली. "लोक बघतायत रे."

"हो हो, काढतो की," कोपरकर म्हणाले आणि कोट काढायला लागले. पण नव्या पिना. ओढला तशी शर्टाची शिवण करकरली. त्यांनी उजवीकडून ओढला, डावीकडून ओढला, कोट हलेना. शेवटी मी पुढे झाले आणि भर विमानतळावर त्यांच्या मागे उभी राहून एकेक पिन काढली. मुक्ता सॅकचा पट्टा घट्ट धरून जमिनीकडे बघत होती. कोटाशिवाय कोपरकर एकदम लहान दिसायला लागले. कोट त्यांनी घडी करून हातावर घेतला.

टॅक्सीत मी पुढे बसले. मागून आवाज येत होते.

"विमानात जेवलीस का?"

"हो."

"शाळा..."

"सुट्टी आहे बाबा."

"हां. बरोबर."

मग घर येईपर्यंत नुसता एसीचा आवाज.

पुढचे तीन-चार दिवस मी कानोसा घेत होते. त्यांच्या दारातून ते जपानी कार्टूनचं संगीत येई, बाकी शांतता. एकदा कोपरकर लिफ्टपाशी भेटले. ओढलेला चेहरा, अंगात साधा शर्ट. "बघतो आम्ही रोज," म्हणाले. "चार भाग सकाळी, चार संध्याकाळी. बघते ती. पण बोलत नाही मॅडम. मी विचारतो, मस्त होतं ना? ती म्हणते, मस्त. पुढे काय विचारायचं ते मला सुचत नाही."

त्याच दुपारी मुक्ता माझ्याकडे आली. साखर मागायला म्हणून आली होती, पण वाटी घेऊन उभीच राहिली.

"काकू, एक विचारू? बाबाला ते ॲनिमे खूप आवडतं ना?"

"का गं?"

ती स्टुलावर बसली. "मला ते आता नाही आवडत. म्हणजे आठवीत आवडायचं. आता बोअर होतं. पण दर शनिवारी त्याचा फोन यायचा आणि तो इतका उत्साहाने सांगायचा, मग मी शुक्रवारी बसून भराभर बघून ठेवायचे. नाहीतर तो बोलणार कशावर? त्याच्याकडे दुसरा विषयच नाही काकू." तिने वाटी या हातातून त्या हातात घेतली. "आता इथे तर तो दिवसभर लावून ठेवतो. मला पक्षी बघायला जायचंय. इथे दाट झाडीच्या जागा आहेत, धनेश पक्षी दिसतात म्हणे. पण मी उठले तर त्याला वाईट वाटेल. एअरपोर्टवर पण मी उगाच बोलले. त्याचा चेहरा कसा झाला होता, बघितला ना तुम्ही?"

मला हसू येत होतं. बाप मुलीसाठी बघतोय, मुलगी बापासाठी बघतेय, आणि दोघांच्या मधे एक टीव्ही बडबडतोय. सांगावं का? मी म्हटलं, "मुक्ता, हे तू त्यालाच सांग. रात्री दोघं जेवायला या."

मी पिठलं-भात केला होता, तोंडी लावायला ठेचा. दोघं समोरासमोर बसली. मी मुक्ताला डोळ्यांनी खुणावलं, तिने मान खाली घातली. कोपरकर भात कालवत म्हणाले, "आज राहिलेले चार भाग संपवू हं. शेवट फार छान आहे."

आणि माझी कन्या साची, जी दुपारी आपल्या खोलीत पुस्तक वाचत होती असं मी समजत होते, ती पापड मोडत शांतपणे म्हणाली, "अंकल, मुक्ता दीदी डोन्ट लाइक ऑलरेडी. शी वॉच फॉर यू ओन्ली, लाह."

मुक्ताचा घास हातातच राहिला. "बाबा, तसं नाही..."

कोपरकरांनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा तिच्याकडे. "तुला नाही आवडत?"

"आधी आवडायचं. आता... नाही. सॉरी बाबा."

"मुक्ता," कोपरकर म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरत होतं ते दुःख नव्हतं, हे समजायला मला एक क्षण लागला. "अगं, मलाही त्यातलं काही कळत नाही!"

"काय?"

"सगळ्यांचे चेहरे सारखे दिसतात! डोळे मोठे, नाक नाही. मी केसांच्या रंगावरून ओळखतो. मधेच कोणीतरी केस रंगवले तर माझे पुढचे दहा भाग वाया जातात. तो पांढऱ्या केसांचा मेला की जिवंत आहे, मला अजून माहीत नाही!"

"तो मेला बाबा. दुसऱ्याच भागात!"

"मग परवा बोलत होता तो कोण?"

"त्याचा भाऊ!"

"बघ!" असं म्हणून कोपरकर हसायला लागले. मुक्ता आधी तोंड दाबून आणि मग खदखदून हसायला लागली. साचीला काहीच कळलं नव्हतं, तरी तीही हसत होती. दोघांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते ठेच्यामुळेच होतं असं मी म्हणणार नाही.

हसू ओसरल्यावर मुक्ताने विचारलं, "मग तो कोट रे? तो तरी कशाला?"

कोपरकरांनी भाताचं एक शीत बोटाने ताटाच्या कडेला सारलं. "एकदा फोनवर तू म्हणालीस, बाबा, तू असा कोट टाकशील का? मी पुढच्या शनिवारी टाकला. तू हसलीस. इतकी हसलीस की खुर्चीवरून पडलीस, आठवतंय? तुझी आई आतून धावत आली. मला फक्त रिकामी खुर्ची दिसत होती आणि तुझं हसणं ऐकू येत होतं. मग मी तो काढलाच नाही. म्हटलं, तू कधी मधेच फोन केलास तर तयार असावा."

मुक्ताने आपल्या ताटातला पापड उचलला आणि त्यांच्या ताटात ठेवला.

"पण एक सांगतो," कोपरकर जरा वेळाने म्हणाले, "ते कार्टून आवडत नाही हे खरं. पण कोट मला खरंच आवडतो हं. तो अंगावर असला की कॉफीवाला बॉस म्हणतो."

"मग घाल की," मुक्ता म्हणाली. "फक्त एअरपोर्टला नको."

उरलेले दिवस ती दोघं सकाळी उठून बाहेर पडत. मुक्ताच्या गळ्यात दुर्बीण, कोपरकरांच्या खांद्यावर पाण्याच्या बाटल्या. धनेश दिसला नाही असं त्यांनी मला तीन वेळा अगदी आनंदाने सांगितलं. मेळाव्यात घेतलेल्या पांढऱ्या कोटाची बाही मुक्ताच्या कोपरापर्यंतही येईना, मग तो कोट साचीला मिळाला. तिला तो पायघोळ होतो आणि ती तो घालून झोपते. मुक्ता गेल्यावर पहिल्या सोमवारी कोपरकर कोटाच्या दोन्ही बाह्यांत हात घालून ऑफिसात आले, तेव्हा मे लिनने त्यांचं मनापासून अभिनंदन केलं. म्हणाली, हिरव्या तेलाचाच गुण. तिला नाही कसं म्हणायचं? पण क्लायंटने परवा पुन्हा महिन्याचं काम आठवड्यात मागितलं, तेव्हा कोपरकर उठले, हात बाह्यांतून काढून घेतले, कोट खांद्यांवर सरळ केला आणि फोनमध्ये म्हणाले, "कॅनॉट." आवाज थोडा कापत होता. टीमने टाळ्या वाजवल्या. दोन मिनिटांनी त्यांनी क्लायंटला सॉरीचा मेसेज पाठवला, पण मुदत वाढवून घेतली ती घेतलीच.

गेल्या शनिवारी संध्याकाळी मी त्यांचा डबा परत करायला गेले. दार उघडंच होतं. कोपरकर ओट्याशी उभे होते. मसाल्याच्या डब्याला टेकवून फोन ठेवलेला, आणि त्यात मुक्ता. वहीत डोकं खुपसून काहीतरी लिहीत होती, फक्त भांग दिसत होता. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. तिच्याकडच्या पंख्याचा आवाज येत होता, इकडे कढईत काहीतरी चरचरत होतं. मला वाटलं फोन बंद करायचा राहिला असेल.

"चालूच असतो," कोपरकर कुजबुजले. "तिचा अभ्यास, माझा स्वयंपाक. दोन-दोन तास."

"बोलत नाही?"

"कशाला?" असं म्हणून ते पुन्हा त्या भांगाकडे बघत राहिले.

मुक्ताने वर न बघता पान उलटलं. "काकू," ती पुण्याहून म्हणाली, "बाबाला सांगा, कांदा करपतोय. मला इथे आवाजावरून कळतंय."